गोलनाक्यांचा माणूस

४ फेब्रुवारी

चि. पाना,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी जाब विचारायचा आहे.

तुझी कंपनी टोकनाकी विमानं घेणार, ही बातमी तुझ्या सख्ख्या मामाला कुणाकडून कळावी? क्लबातल्या त्या टोकनाक्या कॅशियरकडून! काल सकाळी धावपट्टीच्या कुंपणाबाहेरच्या टेकाडावर मी दुर्बीण पुसत बसलो होतो. हा गृहस्थ त्यांच्या बाकावरून उठून मुद्दाम आमच्या बाकापाशी आला. "डॉक्टर, ऐकलंत का? भाची आता आमच्यात आली म्हणायची." आणि हसला. ते त्याचे दात मीच बसवलेत, म्हणून गप्प राहिलो.

तुला वाटेल मामा म्हातारा होत चाललाय. पण तूच सांग, विमान बघायला शिकवलं कुणी तुला? आवाजावरून ओळखायला? गोलनाकी विमान उतरताना कसं शांत येतं, एखाद्या घरंदाज बाईनं पायऱ्या उतराव्या तसं, आणि ते टोकनाकं कसं नाक पुढे काढून भांडायला आल्यासारखं येतं, हे तुला सातवीत कळत होतं. आमच्या क्लबात दोन बाक आहेत ते काही उगीच नाहीत. गोलनाके इकडे, टोकनाके तिकडे. थर्मासमधला चहासुद्धा आम्ही एकमेकांना देत नाही.

तू त्यांच्या ट्रेनिंगला नाव दिलंस का? खरं सांग. फोन करू नकोस. फोनवर आपण भांडतो आणि कुणाचंच वाक्य पुरं होत नाही.

(आता) अनेक आशीर्वाद,
मामा


१५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हो, नाव दिलं. घे, पुरं झालं वाक्य.

अरे, मी फिटर आहे. उद्या कंपनीनं बैलगाडी घेतली तर मी तिचंही ट्रेनिंग घेईन. आणि तुला राग येणार असेल तर येऊ दे, पण टोकनाक्याची रचना सुबक आहे. झाकण उघडलं की हात सरळ कामापर्यंत जातो. तुझ्या घरंदाज बाईच्या पोटात शिरायचं तर अंग चोरून, मान वाकडी करून जावं लागतं. परवाच कोपर सोलवटून घेतलं.

पण जीव तिच्यावरच आहे, तेही लिहून ठेवते. अजून निम्म्याहून जास्त काम गोलनाक्यांचंच असतं. मागच्या आठवड्यात एक विमान बाहेर काढलं, सही केली, आणि ते उडताना बघायला हातातलं जेवण टाकून दारापर्यंत गेले. हँगरमधली पोरं हसतात. त्यांच्यासाठी ती नोकरी आहे. हे खूळ मला तुझ्यामुळे लागलं.

आईला सांग, वजन कमी झालेलं नाही, फोटोच तसा आला.

तुझी,
पाना


२२ मार्च

चि. पाना,

दोन पत्रं लिहिली, तुझं उत्तर नाही. शिफ्ट बदलली का?

इथे माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमच्या कंपनीच्या त्या गोलनाक्याची बातमी पाहिल्यापासून मी घरात येरझारा घालतोय. तुझ्या आईकडे गेलो तरी तेच; ताई म्हणते, फरशी झिजेल. नाकाखालचं चाक अर्धंच बाहेर आलं, विमान नाकावर घसरत गेलं. कुणी दगावलं नाही, हे नशीब. एका आजींचं कंबरेचं हाड मोडलं म्हणतात. पण टीव्हीवाले काय बोलत होते ऐकलंस? "हे विमान सुरक्षित आहे का?" अरे, ज्यानं जन्मात विमानाचं चाक जवळून पाहिलं नाही त्यानं हे विचारावं?

मी बसून एका बैठकीत लेख लिहिला. 'दोष विमानाचा नव्हे'. क्लबच्या अंकात आला आणि दुसऱ्याच दिवशी मोठ्या वर्तमानपत्रानं उचलला! कात्रण सोबत जोडतोय. तिसरा परिच्छेद वाच: "विमान कधी खोटं बोलत नाही. खोटी असते ती सही. कुठल्यातरी पेंगुळलेल्या फिटरनं न बघता केलेली एक सही, आणि बदनाम होतं ते विमान." हे वाक्य लोकांना फार आवडलं. दवाखान्यात पेशंट तोंड उघडण्याआधी त्याच्याबद्दल बोलतात.

तुमच्याच हँगरमधला होता का तो फिटर? कोण आहे? तुझ्या ओळखीचा असेल तर सांग, नाव कुठे येऊ देणार नाही.

उत्तर लिही ग.
मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

मी बरी आहे. सध्या काम कमी आहे, रजा घेतली आहे.

कात्रणं पाठवू नकोस. आईला एवढंच सांग की सगळं ठीक आहे.

पाना


९ एप्रिल

चि. पाना,

चार ओळींचं पत्र? वाण्याची चिठ्ठी याहून मोठी असते.

मी काय ते समजलो. तुला टोकनाक्यांनी पुरतं ओढलंय. माझा लेख तुला आवडला नाही, कारण आता तुला गोलनाक्यांची बाजू घेणारा माणूस जुनाट वाटतो. असू दे. तरुणपणी माणूस असा घरच्यांपासून लांब जातो. ताई मात्र म्हणते, "मुलीचं काहीतरी बिनसलंय, तुझ्या विमानांचं नाही." बायकांना सगळीकडे काळजीच दिसते.

माझी बातमी ऐक. गोलनाकी बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्यांचे प्रतिनिधी या महिन्याच्या अखेरीस आपल्या शहरात पत्रकारांना भेटणार आहेत आणि मी तिथे बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. म्हणजे बघ, जन्मभर ज्यांची विमानं कुंपणाबाहेरून पाहिली त्यांनी मला आत बोलावलं! नवा कोट शिवायला टाकलाय. माप देताना शिंप्याला म्हणालो, जरा सैल ठेव, छाती फुगणार आहे.

झोप येत नाही. भाषण मनात सारखं चालू असतं. परवा एका बाईंची डावीकडची दाढ दुखत होती आणि मी उजवीकडे बघत बसलो.

एकदा मोकळेपणानं लिही. मामावर रुसायचं असेल तर नीट रुस.

मामा


१४ एप्रिल

मामा,

नीट रुसते.

तो पेंगुळलेला फिटर मी आहे.

त्या विमानाच्या नाकाखालच्या चाकाचं दार असतं, ते चाक बाहेर येण्याआधी उघडावं लागतं. त्या दाराची बिजागरी मी तपासली होती. वंगण दिलं, दार हातानं उघडून मिटून पाहिलं, आणि सही केली. पेंगत नव्हते. सकाळची वेळ होती, भरपेट नाश्ता झाला होता. निदान मला असं आठवतं. पण ते इतक्या वेळा आठवून झालंय की आठवणच आता गुळगुळीत झाली आहे, बोट ठेवायला जागा सापडत नाही. दार मिटल्याचा आवाज त्या दिवशीचा होता की आदल्या कुठल्या दिवशीचा? कपडे वाळत घालताना, दात घासताना माझे हात तेच काम पुन्हा करत असतात. काल भाजीवाल्याकडे उभी होते आणि तो म्हणाला, "ताई, हवेत काय फिरवताय?"

मला कामावरून दूर ठेवलंय. चौकशी चालू आहे. चौकशीच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे विमान बनवणाऱ्या कंपनीचा वकील बसतो. मागच्या खेपेला त्याच्यासमोर एक कात्रण होतं. मला उलटं दिसत होतं, तरी पहिल्या ओळीवरून ओळखलं. तिसऱ्या परिच्छेदाला पिवळी रेघ मारलेली होती. तो म्हणाला, "जाणकार लोकांचंही हेच मत आहे."

तो जाणकार माझा मामा आहे, हे मी सांगितलं नाही.

माझं काही मागणं नाही. तू विचारलंस कोण म्हणून, म्हणून सांगितलं.

पाना


१८ एप्रिल

माझ्या लेकरा,

पत्र वाचलं आणि पेशंटला खुर्चीत तसाच ठेवून मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. कम्पाउंडर शोधत आला.

तू मला आधी का नाही सांगितलंस? मी ती ओळ लिहिली नसती. निदान अशी लिहिली नसती.

मी काय करू सांग. वकील बघू? तिकडे येऊ? आज एक दात काढायचा होता, पुढच्या आठवड्यावर ढकलला.

फक्त एक विचारतो, रागावू नकोस. जवळचा माणूस म्हणून विचारतो. तुझ्या हातून काही राहिलं तर नाही ना, बाळा? कारण ते विमान असं करणारं नाही ग. मी त्यांना इतकी वर्षं बघतोय.

मामा


२३ एप्रिल

मामा,

राहिलं की नाही, हे मला रोज कुणी ना कुणी विचारतं. वकील विचारतो, साहेब विचारतात, आरशात मी विचारते. तू तरी विचारणार नाहीस असं वाटलं होतं.

त्या विमानाबद्दल असा प्रश्न तुला एकदा तरी पडला का? मला विचारलंस. त्याला नाही विचारलंस. ते असं करणारं नाही म्हणालास. मी असं करणारी आहे का?

तू बसवलेला दात हातात घेऊन पेशंट परत येतो, तेव्हा तू काय म्हणतोस ते मी तुझ्या दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलंय. "सिमेंट खराब आलं असेल हो." दर वेळी. कधीच म्हणाला नाहीस की मी पेंगत होतो. एवढी सवलत मला द्यायला हरकत नव्हती.

तिकडचा तुझा कार्यक्रम छान होवो. येऊ नकोस.

पाना


१ मे

पाना,

येऊ नकोस म्हणालीस म्हणून आलो नाही. पण जे झालं ते तुला कळलं पाहिजे, आणि माझ्याकडूनच, कॅशियरकडून नव्हे.

कार्यक्रमाला गेलो. जायचं नाही असं सकाळपर्यंत ठरवलं होतं. मग वाटलं, आपण घरात लपून बसलो तर त्या टेबलावरचं कात्रण तसंच राहील. कोट घालून गेलो.

मोठ्या हॉटेलचा हॉल, थंडगार. भिंतीवर आपल्या लाडक्या विमानाचा भला मोठा फोटो. खरं सांगतो, तो बघून अजूनही आत काहीतरी हललं. प्रतिनिधी तिशीतला, चकचकीत बुटांचा. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमचं ते सहीचं वाक्य जरूर म्हणा."

मी माईकपुढे उभा राहिलो. भाषण पाठ होतं, त्यातलं अक्षर आठवेना. म्हणालो, "मी दातांचा डॉक्टर आहे. मी आयुष्यात विमानाचा एक स्क्रूसुद्धा पिळलेला नाही. माझा लेख तुम्ही वाचला असेल. त्यात मी फिटर पेंगत होता असं लिहिलं. मला ते माहीत नव्हतं. मी तिथे नव्हतो. मला विमान आवडतं म्हणून मी माणसाला दोषी ठरवलं."

प्रतिनिधी जवळ आला. हसत हसत हळू म्हणाला, "साहेब, आपण जरा विषयावर येऊ या."

मी म्हटलं, "हाच विषय आहे. तो फिटर माझी भाची आहे. ती चुकली की विमान चुकलं, मला माहीत नाही. पण मी चुकलो हे नक्की. लेख मागे घेतो. आणि तुमच्या वकिलांना सांगा, तो कागद टेबलावरून उचला."

मागून कुणीतरी विचारलं, "भाची आहे म्हणून मागे घेताय का?" आणि पाना, मी "हो" म्हणालो. कारण ते खरं आहे. परकं कुणी असतं तर मी ते वाक्य आजही मिरवत असतो. तेवढं बोलून खाली उतरलो. ताळ्यावर नव्हतो, जिन्याऐवजी हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरलो.

क्लबनं माझ्याकडचं अंकाचं संपादन काढून घेतलं. आमच्याच बाकावरचे लोक म्हणाले, "डॉक्टर, घरचं प्रकरण घरात ठेवायचं होतं." मी आता टेकाडावर जात नाही. ताईला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. गेलो की दार उघडते, चहा पुढे ठेवते, आणि आत जाते.

तुला मी तो प्रश्न विचारायला नको होता.

मामा


१६ मे

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहायला बसले आणि रागानं तीन कागद फाडले. चौथा फाडला नाही, पण पाठवलाही नाही. म्हणून उशीर.

मी त्या आजींना भेटायला हॉस्पिटलात गेले होते. कुणी सांगितलं नव्हतं, साहेब तर रागावलेच असते. दारात उभी राहून म्हटलं, "त्या विमानाचं काम मी केलं होतं." त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी वाट बघत होते की आता ओरडतील. म्हणाल्या, "म्हणजे तुला यंत्रातलं कळतं? या पलंगाचं हँडल अडकलंय. आठवडा झाला सांगतेय, कुणी बघत नाही."

मी खाली वाकले. मामा, हँडल दोनदा हातातून सुटलं. आजी वरून म्हणाल्या, "सावकाश. मला कुठे जायचंय?" त्यात एक चिंधी अडकली होती. काढली, पलंग वर-खाली करून दाखवला. मग आपोआप माझ्याकडून तो पुन्हा एकदा वर-खाली झाला. आणि पुन्हा. आजी ओरडल्या, "अगं पुरे, मला चक्कर येतेय!"

तेव्हा मला खात्री पटली. वकिलाला नाही पटणार, पण मला पटली. मी एकदा बघून थांबणारी नाही. ते दार मी मिटून पाहिलं होतं.

तू माईकवर जे बोललास ते आईनं फोनवर मला सांगितलं होतं, तुझं पत्र येण्याआधीच. ती तुझ्याशी बोलत नसली तरी सगळीकडे तेच सांगत सुटली आहे. ती अजून थोडे दिवस रुसेल. मीसुद्धा.

पाना


३० जून

प्रिय मामा,

निकाल लागला.

बिजागरीतली एक छोटी कडी असते, ती बनवतानाच कच्ची राहिली होती. वरून काहीच दिसत नाही, भार आला की चिरते. त्याच खेपेतल्या कड्या आणखी विमानांत सापडल्या, आता सगळीकडे बदलायचं काम चालू आहे. माझ्या कामात दोष नाही असं लेखी आलं आहे. साहेबांनी हात मिळवला. वकिलानं नाही मिळवला.

सगळे विचारतात, आनंद झाला ना? झोप लागली, एवढं खरं. पण त्या सकाळी मी दार मिटलं तेव्हा ती कडी आत होतीच. माझ्या हाताखाली होती. मला कळलं नाही. मला कळायला वाव नव्हता, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात नांदत नाहीत, रोज भांडतात.

सोमवारपासून कामावर. पहिलंच विमान गोलनाकं दिलंय. नाही म्हणायचा हक्क होता. नाही म्हटलं नाही.

आता तू खरं सांग. निकाल वाचून तुला काय वाटलं? बरं वाटेल असं लिहू नकोस.

पाना


११ जुलै

चि. पाना,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. विमानात बसून लिहितोय, अक्षर हलतंय.

तू खरं सांग म्हणालीस. निकाल ऐकून आधी देवापुढे हात जोडले. आणि त्याच क्षणी आपल्याच घरातल्या कुणाबद्दल वाईट ऐकावं तसं झालं. तुझ्या सुटकेच्या बातमीत मला विमानाचं दुःख झालं. असा माणूस आहे मी. हे स्वतःशी कबूल करायला दहा दिवस लागले, आणि मग वाटलं, असली गोष्ट पोस्टानं पाठवण्यापेक्षा समोर उभं राहून तुझ्या शिव्या खाव्यात.

विमान कुठलं आहे ते कळलंच, डोळे कसे मिटणार? पण पायऱ्या चढताना नेहमीसारखं नाकाकडे वळून बघितलं नाही. खिडकीपाशी बसलो. खाली पिवळं जाकीट घातलेला एक माणूस चाकाजवळ वाकला होता. बराच वेळ वाकलेला. मग उठला, पत्र्यावर तळहात फिरवला, पाठ सरळ केली, आणि वर एकाही खिडकीकडे न बघता चालायला लागला.

माझ्याकडे विमानांचे हजारो फोटो आहेत, पाना. त्यांत असा माणूस कुठे आला की मी कडेनं कापून टाकायचो. फोटो स्वच्छ दिसावा म्हणून.

मी खिडकीवर टकटक केलं. त्याला काय ऐकू जाणार! शेजारच्या बाईंनी विचारलं, "ओळखीचा आहे का?" मी म्हणालो, "माझी भाची हेच काम करते."

आता विमान खाली यायला लागलंय. तुझा पत्ता खिशात आहे. तू दारात उभं केलंस तरी उभा राहीन. फक्त दार लावून घेऊ नकोस.

मामा